उजव्या हाताची साखर

“चारशे बारा!”

माइकवरून आकडा आला आणि हॉलमधल्या तीनशे माणसांनी “बापरे!” केलं. स्टेजवर खुर्चीत बसलेली बाई चोरी पकडल्यागत खाली बघायला लागली. तिचं उजव्या हाताचं बोट अजून पुढेच होतं आणि त्यावर रक्ताचा टिपका.

“घाबरायचं नाही,” स्टेजवरचे सर म्हणाले. पांढरा डॉक्टरी कोट, कॉलरला चिमुकला माइक, मागे पडद्यावर पेशींची रंगीत चित्रं. “ही साखर तुमची नाही. तुमच्या पेशी रुसल्यात, त्यांची आहे. नवं संशोधन काय सांगतं? पेशींना कान असतात! आपण त्यांना काय मारणार?”

“हाक!” हॉल ओरडला.

मग निळ्या बाटलीतल्या ‘तेजजला’नं त्या बाईचे हात धुतले गेले. वीस मिनिटं सगळा हॉल डोळे मिटून “जाग पेशी, ऊठ पेशी” करत बसला. सरांनी तिच्या डोक्याभोवती हात फिरवले, पुन्हा त्याच हाताच्या शेजारच्या बोटाला टोचलं आणि मीटर माइकजवळ धरलं, जणू ते मीटरच बोलणार होतं.

“दोनशे छत्तीस! वीस मिनिटांत! गोळी नाही, सुई नाही!”

काय त्या टाळ्या! माझ्या शेजारच्या आजोबांनी तर शिट्टी मारली. पुढच्या रांगेतल्या दोन बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक तर मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकवीस वर्षं लोकांचं रक्त काढते, त्यामुळे दोनशे छत्तीसला टाळ्या वाजवायच्या नसतात, डॉक्टरकडे पळायचं असतं, एवढं मला कळतं. आणि दुसरं म्हणजे खुर्चीतली ती बाई माझी सख्खी थोरली बहीण होती.

ताईबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ताई बेकरीत काम करते. केकवर फुलं काढणं, नावं लिहिणं, डोनटवर साखर भुरभुरणं, सगळं तिच्याकडे. अंगानं जाड, लहानपणापासूनच. त्यामुळे काउंटरवर येणारा प्रत्येक टिकोजी तिच्याकडे बघून हसतो, “मावशी, अर्धं क्रीम केकवर आणि अर्धं पोटात ना?” आता खरी गोष्ट अशी की गेली कित्येक वर्षं ताईनं क्रीमचा चमचा चाटलेला नाही. पण ऐकतो कोण? जाड माणसाच्या ताटाकडे बघायचा हक्क सगळ्या जगाला असतो. तिला शुगर निघाली तेव्हा नातेवाईक भेटायला आले ते हेच बोलायला, “जिभेवर ताबा हवा गं.” गेली नऊ वर्षं ती रोज इन्सुलिन घेते.

आणि मग तिच्या आयुष्यात हे सर उगवले. लोक त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचे. कसले सर, कुठल्या शाळेचे, कोणी विचारलं नाही. मी त्यांचं नाव पेशीबुवा ठेवलं, कारण गृहस्थांचं पेशीशिवाय वाक्य संपायचं नाही. दर रविवारी सकाळी फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये शिबिर, एकूण सात रविवार. सातव्या रविवारी ‘औषधमुक्ती’. म्हणजे स्टेजवर एक मोठा निळा ड्रम ठेवणार आणि सगळ्यांनी आपापली औषधं त्यात टाकायची. तोवर दर आठवड्याला डोस कमी कमी करत आणायचा.

शिबिराची सुरुवात व्हायची ‘शर्करात्यागा’नं. ट्रेमधून प्रत्येकाला एक पांढरा चौकोनी खडा मिळायचा. तो उजव्या मुठीत घ्यायचा, डोळे मिटून चिरडायचा, “साखरे, तुझा माझा संबंध संपला” असं तीनदा म्हणायचं आणि भुगा बादलीत झटकायचा. हात पुसायचा नाही, कारण त्यागाचा स्पर्श पेशींना कळला पाहिजे! मग लगेच त्याच हाताचं बोट टोचून पहिला आकडा. मग तेजजल, मग हाका, मग दुसरा आकडा. प्रत्येकाचा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी. एकाचाही चुकायचा नाही. पेशी म्हणजे काय आज्ञाधारक हो!

पेशीबुवाची आणखी एक सक्त ताकीद होती. “घरी मोजायचं नाही. संशयानं पेशी आखडतात.” वा रे वा! तपासायचंच नाही म्हटल्यावर पकडणार कोण? पण तीनशे शिकलेसवरलेले लोक माना डोलवत होते. त्यात एक बँकेतले अधिकारी होते, एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. शिबिरातून जाताना प्रत्येकाच्या हातात विकत घेतलेला तेजजलाचा खोका. मी एकदा बाटली उघडून प्यायले. नळाचं पाणी. तेही आमच्याच नळाचं, क्लोरीनच्या वासासकट.

मी गेले होते ती फक्त ताईला सोबत म्हणून, चौथ्या रविवारी. ती स्टेजवरून फुललेल्या चेहऱ्यानं खाली आली. रिक्षात बसताना माझा हात धरून म्हणाली, “छोटे, पाहिलंस? चारशे बारावरून!”

“पाहिलं,” मी म्हटलं. “पण दोनशे छत्तीस काय कमी आहे का गं?”

“झालं तुझं सुरू,” ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

दोन आठवडे मी डोकं खाजवलं. मीटर बनावट असेल? पण ते तर दुकानात मिळतं तेच होतं, पट्ट्यासुद्धा सीलबंद पाकिटातल्या. बरं, ध्यानानं माणूस शांत झाला तर साखर जराशी खाली येऊ शकते, पण वीस मिनिटांत पावणेदोनशे? तीही सगळ्यांची? आणि इकडे ताई माझ्या डोळ्यांदेखत उतरत चालली होती. सारखी तहान, तासातासाला बाथरूम, डोळ्यांखाली खड्डे. वजन मात्र सहा किलो घटलं. सहाव्या रविवारी पेशीबुवानं तिला पुन्हा स्टेजवर उभं करून तिची सैल झालेली कुर्ती लोकांना दाखवली. लोकांनी टाळ्या पिटल्या. इन्सुलिन कमी पडलं की शरीराला साखर वापरता येत नाही. मग ते आपलंच मांस नि चरबी जाळतं आणि माणूस वाळायला लागतो. त्याला बरं होणं म्हणत नाहीत. आणि हे लोक आजाराच्या लक्षणाला टाळ्या वाजवत होते!

उलगडा झाला तो लॅबमध्ये, एका संत्र्यामुळे. सोमवारी सकाळी रांगेत बसलेल्या एका काकांनी वेळ जावा म्हणून संत्रं सोललं, बायकोला दिलं आणि तसेच बोट पुढे करून बसले. मी रोज तीस-चाळीस वेळा म्हणते तेच सवयीनं म्हटलं, “काका, आधी हात धुऊन या. फळाचा रस बोटाला असला की मीटर भलतंच दाखवतं.”

आणि म्हटल्याबरोबर माझा हात तसाच राहिला. रिक्षात ताईनं माझा हात धरला होता तेव्हा तो चिकट लागला होता. धुतलेला हात, पण खडा चिरडून मनगटापर्यंत उडालेला भुगा कुठे धुतला गेला होता!

म्हणजे पहिला आकडा रक्ताचा नव्हताच, हाताला लागलेल्या साखरेचा होता. हात धुतला की उरतो तो खरा आकडा. वर चढवायचा आपणच, खाली उतरवायचा आपणच, आणि मधल्या वीस मिनिटांत पेशींना हाका!

मी त्याच संध्याकाळी ताईकडे गेले. ती माझ्या खालच्याच मजल्यावर राहते. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून पाण्याचा तिसरा ग्लास पीत होती. मी घडाघडा सगळं सांगितलं. मला वाटलं, ती कपाळावर हात मारेल.

“झालं सांगून?” ती म्हणाली.

“ताई, तो भामटा आहे!”

“तुला माझं जरा बरं झालेलं बघवत नाही.”

“अगं, काय बोलतेस? मी तुझ्यासाठी—”

“छोटे, पहिल्या रविवारी सर मला काय म्हणाले माहितेय? सगळ्यांसमोर म्हणाले, ‘ताई, ही तुमची चूक नाही.’” तिनं ग्लास ओट्यावर आपटला. “चूक नाही! आख्ख्या जन्मात हे मला कोणी म्हटलं नाही. आई नाही, नवरा नाही. आणि तू? तू तर लॅबमधली शहाणी. दर वेळी रिपोर्ट हातात देताना काय म्हणतेस? ‘परत काय खाल्लंस?’”

खरंच तसं म्हणायचे मी. नऊ वर्षं म्हणत होते.

“बोट दे,” मी शेवटी हळूच म्हटलं. “आत्ता. साबणानं धुऊन. एकदाच बघू.”

“नाही देणार. संशयानं पेशी आखडतात,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. त्या चिडल्याच. “अगं, त्याचं ‘तुमची चूक नाही’ हे पहिलं वाक्य खरंय ना, म्हणून तर लोक फसतात. वजन म्हणजे निव्वळ हावरटपणा, हे आता कोणी अभ्यासू माणूस म्हणत नाही. भूक किती लागावी, पोट भरल्याचं मेंदूला कधी कळावं, चरबी कुठे साठावी, यात रक्तातून आलेलं बरंच असतं. वजन घटवलं की शरीर भूक वाढवून ते परत मिळवू बघतं. हे सगळं संशोधनात आहे. नवी औषधं आलीत, काहींची शुगर डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन घटवून गोळ्यांशिवायही ताब्यात राहते. पण डोस तपासून, मोजून, जपून कमी करतात! घरी मोजू नका म्हणणारा डॉक्टर कधी ऐकलायस?” मग म्हणाल्या, “तिला हे पहिलं वाक्य आपण सांगायला हवं होतं.”

नाकाला मिरच्या झोंबल्या, पण खरं होतं.

सातवा रविवार उजाडला. मी माझं मीटर, पट्ट्या नि साबण पिशवीत टाकून ताईच्या मागोमाग गेले. ताईच्या मांडीवर इन्सुलिनची थंड राहणारी छोटी थैली होती, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. स्टेजवर निळा ड्रम, ड्रमला फिती. त्याच्या शेजारी टेबलावर खड्यांचा ट्रे. त्याग झाला, पहिले आकडे झाले, हाका झाल्या, दुसरे आकडे झाले. हॉल नुसता उकळत होता. पेशीबुवानं दोन्ही हात वर केले.

“आता कोणाला काही शंका?” हे तो उगाच विचारायचा. शंका विचारणारा माणूस कसा दिसतो ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

“मला आहे!” मी उभी राहिले. आवाज थेट लॅबमधला निघाला. “तुमचा पहिला आकडा हाताला लागलेल्या साखरेचा आहे. हात धुतला की तो उतरतो. यात पेशी कुठे आल्या?”

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. ताईनं माझी ओढणी खाली खेचली. पेशीबुवा मात्र हसला. मला वाटलं होतं घाबरेल, पण छे! त्याचा चेहरा वाट बघत असल्यासारखा उजळला.

“सुंदर! बहिणाबाई म्हणतात, हाताला साखर लागली की आकडा चढतो. विज्ञान म्हणजे काय? प्रयोग! या वर. अहो, खाली चहाच्या दुकानातून वाटीभर साखर आणा बघू!”

स्वयंसेविका धावली. मी स्टेजवर जाऊन कडेच्या बेसिनमध्ये हात साबणानं धुतले, कोरडे केले. मला शुगर नाही. वाटी आली. मी चिमूटभर साखर उजव्या हाताच्या बोटांत चांगली चोळली, हवी तेवढी, अगदी जिद्दीनं. पेशीबुवानं माझ्याच मीटरमध्ये माझीच पट्टी घातली, टोचलं, आणि मीटर माइकपाशी धरलं.

“ब्याण्णव!”

हॉल खदखदून हसला. शिट्ट्या, टाळ्या, काय नि काय. “साखर लागून साखर चढत नाही, बहिणाबाई!” पेशीबुवा लाडानं म्हणाला. “आणखी चोळा! अंगाला चोळा!” शिट्टीवाले आजोबा तर खुर्चीवर उभे राहिले.

मी स्टेजवर तशीच उभी. बोटांवर साखर तशीच. एकवीस वर्षं रक्त काढून मी भरसभेत शेण खाल्लं होतं. कुठे चुकलं तेच कळेना.

“चला!” पेशीबुवा ओरडला. “संशय हरला, पेशी जिंकल्या! औषधमुक्ती! पहिला मान आपल्या बेकरीवाल्या ताईंचा!”

ताई उठली. एकेक पायरी धापा टाकत वर आली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. ड्रमपाशी गेली, थैली एक क्षण छातीशी धरली आणि सोडून दिली. तळाशी धप्प आवाज झाला. टाळ्या सुरू झाल्या आणि पेशीबुवानं तिला वाकून नमस्कार केला.

ताई खाली उतरेना. ती टेबलाकडे बघत होती.

“सर, एक विचारू?”

“शंभर विचारा, ताई!”

“इथं ट्रे भरून खडे आहेत. हाताशी. मग माझ्या बहिणीसाठी खालून साखर का आणवलीत?”

टाळ्या वाजवणारे अजून वाजवतच होते. पण पेशीबुवाच्या कॉलरचा माइक जवळच होता. प्रश्न हॉलभर गेला. आणि पहिल्यांदाच पेशीबुवाला वाक्य सुचायला वेळ लागला.

“ते... ते त्यागाचे खडे आहेत, ताई. मंत्रलेले. अपवित्र कामाला...”

“मघाशी तुम्ही म्हणालात प्रयोग. आता म्हणता पवित्र,” ताई म्हणाली. भांडत नव्हती हो ती! ती खरोखर विचारत होती. तिनं ट्रेमधला एक खडा उचलला, बोटांत चुरला, अंगठ्यावर घोळवून बघितला आणि चिमूट जिभेच्या टोकावर ठेवली.

“अहो ताई, तुम्हाला साखर! थुंका, थुंका!” पेशीबुवा पुढे धावला.

ताई रुमाल काढून त्यात थुंकली. “रोजच थुंकते. आमच्याकडे सहा पोत्यांत सहा प्रकारची पांढरी पूड असते. मैदा, कॉर्नफ्लोअर, पिठीसाखर, सगळं सारखंच दिसतं. लेबलं तेलानं पुसली जातात. मग चिमूट जिभेवर ठेवायची, ओळखायचं नि थुंकायचं. एकदा न बघता पोतं उघडलं तर अडीचशे बिस्किटं फेकावी लागली होती.” तिनं तोंड पुसलं. “ही साखर नाही. गोडी कमी आहे आणि जिभेला गार लागते. ही डोनटवर भुरभुरायची पूड. साधी पिठीसाखर गरम डोनटवर विरघळते, ही टिकते. पोत्यावर लिहिलेलं असतं, ग्लुकोज.”

ग्लुकोज!

मी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची बाकी ठेवली. रोज सकाळी मी माझ्या हातानं लोकांना ग्लुकोजचं पाणी पाजते, शुगरच्या तपासणीसाठी. आणि मला सुचू नये? मीटरच्या पट्टीवर जे रसायन असतं ते फक्त ग्लुकोज ओळखतं. चहातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि दुसरी एक साखर यांची बांधलेली जोडी. पोटात गेल्यावर ती सुटते, बोटावर सुटत नाही. म्हणून वाटीभर चोळा नाहीतर पोतंभर, मीटर ढिम्म हलायचं नाही. संत्र्याच्या रसात मोकळं ग्लुकोज असतं, म्हणून त्यानं हलतं. हे त्या पांढऱ्या कोटातल्या माणसाला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तो हसला होता, म्हणूनच त्यानं खालून साखर मागवली होती. चुकून झालेलं नव्हतं हे. त्यानं ग्लुकोजची पूड आणून, ठोकळे पाडून, ट्रेमध्ये रचून ठेवली होती.

मी त्याच्या कॉलरचा माइक ओढून घेतला आणि हे सगळं जमेल तसं सांगितलं. “माझे हात परत धुते. बघा!” हात धुतले, पुसले. उजव्या हातात त्याचा खडा चिरडला, डाव्या हाताला लागू दिला नाही. निवृत्त मुख्याध्यापिका स्वतःहून वर आल्या. म्हणाल्या, “टोचते मी, आकडाही मीच वाचते. यांच्या हातात काही देऊ नका.”

उजवा हात: तीनशे एक्केचाळीस.

डावा हात, त्याच मिनिटाला: त्र्याण्णव.

“लोकहो,” मी म्हटलं, “मला उजव्या हाताला मधुमेह झालाय, डाव्याला नाही. आता कुठल्या हाताच्या पेशींना हाक मारू?”

कोणी हसलं नाही. माणसं स्वतःच्या उजव्या तळव्याकडे बघत होती. काहींनी हळूच वास घेतला. बँकेतले अधिकारी हात पँटला पुसत होते, जणू पुसल्यानं सात रविवार पुसले जाणार होते.

“ऊर्जेचा असमतोल...” पेशीबुवा सुरू झाला. “नव्या संशोधनानुसार डावा मेंदू...”

“गप्प बसा,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. वर्गात म्हणतात तसं. आणि तो खरंच गप्प बसला!

ताई बेसिनपाशी गेली होती. तेजजल नाही, माझा साबण घेऊन तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत घासले. बेकरीत शिफ्ट सुरू करताना घासते तसे. मग पुसून डावं बोट माझ्यापुढे केलं.

“बघ,” ती म्हणाली. “सात आठवड्यांत एकदाही बघितलेलं नाही.”

मी टोचलं, पट्टी लावली. मीटरवर पाच सेकंद गेले.

तीनशे अठरा. स्वच्छ हाताचा, खरा.

मी आकडा माइकवर सांगितला नाही. मीटर तिच्यापुढे धरलं. तिनं वाचला, पुन्हा वाचला आणि तिचा चेहरा एवढासा झाला. “म्हणजे माझं काहीच उतरलं नव्हतं,” ती हळू म्हणाली. “कुर्ती सैल झाली ती...”

“इन्सुलिन कमी पडल्यानं, ताई.”

तिनं मान हलवली. मग वळली आणि ड्रमपाशी गेली. ड्रम खोल होता. तिला वाकायला त्रास होतो, गुडघे दुखतात. तरी ती वाकली, पार खांद्यापर्यंत आत गेली आणि थैली घेऊन वर आली. फिती तिच्या केसांत अडकल्या होत्या. तिनं थैली झटकली, इन्सुलिनचं पेन काढून बघितलं, फुटलं तर नाही ना. मग लोकांकडे बघून म्हणाली, “ज्यांना घरून आणलेली औषधं परत न्यायचीत त्यांनी आपापल्या मांडीवरच ठेवा. वाकावं लागतं.”

त्यावर हॉल उठला. कोणी तेजजलाचे खोके परत करायला, कोणी बुवाला शोधायला. बुवा स्टेजमागच्या दारानं केव्हाच सटकला होता. पांढरा कोट तेवढा खुर्चीवर टाकून गेला, पळताना आडवा येत असावा. त्याच्यामागे पोलिसांत तक्रार गेली, मुख्याध्यापिकांनी स्वतः लिहिली, एकही शुद्धलेखनाची चूक न करता. आणि तुम्हाला खरं सांगू? शिट्टीवाले आजोबा जाताना तेजजलाचा खोका उचलून घेऊन गेले. मला म्हणाले, “पाणी तरी चांगलं असेल.” काय बोलणार!

ताईला मी तिथूनच दवाखान्यात नेलं. दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर औषधाविना गेला असता तर ती बेशुद्ध होऊनच आली असती, आली असती तर.

आता माझं म्हणणं ऐका, आणि ते साधंच आहे. मला विज्ञानाची भाषा बोलणाऱ्या लबाडाची चीड भगव्या कपड्यातल्या लबाडापेक्षा जास्त येते. पडद्यावर पेशीचं चित्र दाखवलं म्हणजे संशोधन होत नाही. संशोधन म्हणजे “घरी मोजू नका” नव्हे, “घरी मोजून बघा आणि मला खोटं पाडा” म्हणणं. जो मोजू देत नाही, त्याच्याजवळ मोजण्यासारखं काही नसतं. आणि कोणी प्रयोग दाखवला तर एवढंच विचारा, सामान हाताशी असताना बाहेरून का आणवलंत? हा प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही. माझ्याकडे होती, मला सुचला नाही. डोनटवर पूड भुरभुरणाऱ्या बाईला सुचला.

आणि जे स्वतःला शहाणे समजतात, माझ्यासकट, त्यांच्यासाठीही एक. आपण आजारी माणसाला नऊ वर्षं “परत काय खाल्लंस?” विचारत राहिलो की दहाव्या वर्षी तो पेशीबुवाच्या दारात उभा राहतो. त्याला तिथं आपणच ढकललेलं असतं.

महिन्याभरानं ताई लॅबमध्ये आली, रांगेत बसली, नंबर आल्यावर माझ्यासमोर हात ठेवला.

“हात धुऊन आलीस?”

“कोपरापर्यंत.”

मी रक्त घेतलं. पट्टी मीटरमध्ये घातली. ते पाच सेकंद मोजता मोजता इतके दिवस राहून गेलेलं मी बोलून टाकलं, “ताई, तुझी चूक नव्हती गं. कधीच नव्हती. मला आधी म्हणायला हवं होतं.”

ताईचे डोळे भरून आले. मग तिनं नाक ओढलं आणि दटावून म्हणाली, “ते घरी बोलू. आधी खरा आकडा सांग.”

मी सांगितला. एकशे एकोणपन्नास. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताईनं तो तिच्या डायरीत स्वतःच्या हातानं लिहिला, तारखेसकट.